बिघाड शोधण्यालाही गुण द्या

पदविकेच्या परीक्षा जवळ आल्या की विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीतली आणि आसपासची मुलं आर्डुइनोचे बोर्ड घेऊन माझ्याकडे येतात. कोणाचा टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा प्रकल्प असतो, कोणाचा ब्लूटूथवर चालणारी गाडी. तक्रार मात्र एकच असते. ‘‘काकू, कोड अपलोड होत नाही. बोर्ड उडाला.’’

अंधेरीच्या सीप्झमधल्या एका कारखान्यात टेस्टिंग विभागात माझी नोकरी झाली. असेंब्ली लाइनवरून आलेली प्लेट चालत नसेल, तर ‘खराब’ एवढा शेरा मारून ती बाजूला ठेवता येत नसे. बिघाड नेमका कुठे आहे ते लिहून द्यावं लागे. म्हणून ही मुलं आली की मी आधी विचारते, ‘‘काय काय तपासलंस?’’ उत्तर बहुधा येत नाही. याचा दोष मी मुलांना देत नाही. हा प्रश्न त्यांना कॉलेजात कोणी विचारलेलाच नसतो.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली की मराठी माध्यमातून आलेली मुलं तर ती वाचायलाच बिचकतात, खिडकी बंद करतात आणि पुन्हा अपलोडचं बटण दाबतात. खरं तर तिथे पुष्कळ काही लिहिलेलं असतं. प्रोग्रामने इतके बाइट जागा घेतली, अशी ओळ वर आली असेल तर कोडचं भाषांतर पूर्ण झालेलं आहे. अडचण त्यानंतरची आहे. तरीही चांगला कोड रात्रभर बदलत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

त्यानंतर काय होतं? संगणक यूएसबीवरून बोर्डाला रीसेटचा इशारा देतो. चिपमधला बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो आणि थोडाच वेळ वाट पाहतो. तेवढ्यात संगणकाने हाक मारायची आणि त्याने ओ द्यायची. उत्तर आलं नाही तर संगणक पुन्हा पुन्हा विचारतो आणि शेवटी ‘नॉट इन सिंक’ लिहून थांबतो. या संदेशाचा अर्थ एवढाच, की दोघांचं बोलणं जुळलं नाही. चिप मेली, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

बोलणं तुटण्याच्या जागा मोजक्याच आहेत. मोबाइल चार्जिंगच्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात, फक्त विजेच्या असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, म्हणून केबलवर कोणाला संशय येत नाही. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी बहुतेकदा सीएच-३४० ही चिप असते. तिचा ड्रायव्हर संगणकात नसेल तर पोर्टच दिसत नाही. आर्डुइनो नॅनोच्या जुन्या बोर्डांतला बूटलोडर ५७,६०० च्या वेगाने बोलतो, नव्यांतला १,१५,२०० च्या. मेनूमध्ये ‘ओल्ड बूटलोडर’ हा पर्याय त्यासाठीच दिला आहे, पण तो उघडून पाहणारं मूल क्वचित भेटतं. आणि शून्य व एक क्रमांकाच्या पिना! अपलोड याच दोन पिनांवरून होतो. ब्लूटूथ मॉड्यूल तिथेच जोडलेलं असेल तर दोघं एकाच वेळी बोलतात आणि कोणाचंच ऐकू येत नाही.

मुलांना मी आवर्जून शिकवते ती चाचणी वेगळी आहे. आर्डुइनो ऊनो बोर्डावरचं बाकी सगळं काढून टाका. रीसेटची पिन ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य चिप गप्प राहते. शून्य आणि एक या पिना एका तारेने एकमेकींना जोडा. सीरियल मॉनिटर उघडून काहीही टाइप करा आणि पाठवा. तेच अक्षर परत आलं तर केबल, ड्रायव्हर, पोर्ट, यूएसबीची चिप हे सगळं एका फटक्यात निर्दोष ठरतं, आणि संशय मुख्य चिप, तिचा बूटलोडर, मेनूतली बोर्डाची निवड किंवा चाचणीसाठी काढून ठेवलेल्या जोडण्या एवढ्यावर येतो. अक्षर परत आलं नाही तर बिघाड अलीकडे. साखळी मधोमध कापायची आणि कोणता अर्धा भाग दोषी ते ठरवायचं. आम्ही सीप्झमध्ये हेच करत होतो, फक्त यंत्रं वेगळी होती.

गेल्या वर्षी एका मुलीने ही चाचणी केली, केबल-ड्रायव्हर सगळं बाद केलं आणि मग ब्लूटूथच्या तारांपर्यंत स्वतःच्या डोक्याने पोचली. संध्याकाळभर ती उठली नाही. तिच्या जर्नलमध्ये मात्र शेवटी एकच वाक्य होतं : आउटपुट तपासले, बरोबर आले. त्या संध्याकाळला जर्नलमध्ये रकानाच नव्हता. आणि जी मुलं रिपोर्टसकट तयार प्रकल्प विकत आणतात, त्यांच्याही जर्नलमध्ये हेच वाक्य असतं. बाहेरून आलेल्या परीक्षकाला दोघांतला फरक कळायचा कसा?

शाळांतल्या अशा प्रयोगांसाठी सरकारही पैसे देतं आहे. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या. या पैशांतून किट येतील. किट बंद पडल्यावर काय करायचं हे शिकवायलाही वेळापत्रकात जागा हवी, नाहीतर चांगले बोर्ड ‘उडाले’ म्हणून कपाटात जातील.

शिक्षक म्हणतात, बॅच मोठी, लॅब असिस्टंट एकच, वेळ कुठे आहे? त्यांची ओढाताण खरी आहे. पण मी सुचवते आहे त्याला खर्च जवळजवळ नाही. डेटाच्या तारा नसलेल्या केबली फेकू नका, जपून ठेवा. प्रात्यक्षिक परीक्षेत मुद्दाम बिघडवलेला बोर्ड द्या : कुठे अशी केबल, कुठे चुकीचा पोर्ट, कुठे शून्य नंबरच्या पिनेत खुपसलेली तार. दहा मिनिटं द्या. मुलाने कागदावर लिहावं, काय दिसलं, कशावर संशय आला, कोणती चाचणी केली, त्यातून काय बाद झालं. बिघाड सापडला नाही तरी विचार बरोबर दिशेने गेला असेल तर गुण द्या. पंचवीसपैकी दहा गुण याला असावेत. वसई-विरारमधल्या कॉलेजांनी येत्या सत्रात एखाद्या बॅचपुरतं हे करून पाहावं. बिघडवलेले बोर्ड तयार करून द्यायला मी येईन, मोबदला नको.