‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द कुठे गेले?

२३ सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ. बदलापूर गावात चहाच्या टपरीवर आम्ही चार-पाच जण उभे होतो आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. बातमी आली : आरोपीने पोलिसाची बंदूक हिसकावली, गोळीबार केला, चकमकीत ठार. एकजण म्हणाला, “बरं झालं.” मीही मान हलवली. ऑगस्टमध्ये शाळेतल्या दोन चिमुकल्यांवर जे गुदरले, त्यानंतर त्या आरोपीविषयी माझ्या मनात दया उरली नव्हती. आजही नाही.

पण घरी आल्यावर तीच बातमी पुन्हा वाचली. तळोजा कारागृहातून त्याला पोलीस गाडीतून आणत होते. मुंब्रा बायपासजवळ गोळ्या सुटल्या. गाडीत आरोपी आणि पोलीस एवढेच होते. आरोपी मेला, म्हणजे सांगणारे उरले फक्त पोलीस. तरीही माझ्या मोबाईलवर आलेल्या एकाही मजकुरात ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द नव्हते. एका पक्षाचे म्हणणे काही मिनिटांत ‘घटना’ झाले होते.

आता महिनाभर मागे जाऊ. २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले, लोकल दिवसभर बंद राहिल्या. तक्रार नोंदवून घ्यायला झालेला उशीर हे त्या संतापाचे मोठे कारण होते. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री म्हणाले की आंदोलन राजकीय हेतूने प्रेरित होते, आंदोलक बहुतेक बाहेरचे होते. ही बातमी आम्ही गिळली नाही, कारण रुळांवर आमचे शेजारी बसलेले आम्ही स्वतः पाहिले होते. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २२ ऑगस्टला पोलिसांना खडसावले, तेव्हा आम्हाला न्याय वाटला.

म्हणजे ऑगस्टमध्ये ज्या सरकारचे आणि ज्या पोलिसांचे म्हणणे आम्ही तपासून घेतले, त्यांचेच म्हणणे सप्टेंबरमध्ये डोळे मिटून मान्य केले. का? कारण यावेळी बातमी मनासारखी होती. काही दिवसांत मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले, त्यावर गृहमंत्र्यांच्या हाती शस्त्र दाखवले होते. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरमध्ये होती. सूत्रांनी दिलेल्या एका ओळीचा प्रचारफलक व्हायला असा कितीसा वेळ लागतो?

मुस्लिम वाचकाला हे नवे नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मरणारे बहुसंख्य मुसलमान आणि आरोपी म्हणून पकडलेले नऊही मुसलमान. सूत्रांच्या हवाल्याने ते दोषी ठरून गेले. त्यांच्यावरचे आरोप न्यायालयाने काढून टाकले ते एप्रिल २०१६ मध्ये. तोपर्यंत त्यांच्यातला एकजण या जगात नव्हता. त्यांना पकडले तेव्हाही कुठल्यातरी टपरीवर कुणीतरी “बरं झालं” म्हणालेच असेल. त्या माणसाचा मला वर्षानुवर्षे राग होता. २३ सप्टेंबरला त्याच्या जागी मी उभा होतो.

बातमी आली की आधी शहानिशा करा, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. ती बातमी आवडली नाही तरच शहानिशा करा, असे तिथे म्हटलेले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरले. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथकाचा आदेश दिला. शेवटी काय सिद्ध होईल ते न्यायालय ठरवील. पण एक नुकसान होऊन गेले आहे. आरोपीबरोबर त्याच्यावरचा खटलाही संपला. त्या मुलींच्या आईवडिलांना भर न्यायालयात साक्षीपुरावे होऊन लागलेला निकाल हवा होता की नव्हता, हे त्या संध्याकाळी टपरीवर आमच्यापैकी कुणीही विचारले नाही.

वाचकहो, वार्ताहर घाईत असतो, त्याला पोलीस ठाण्यातून मिळेल तेच तो आधी देतो. आपल्याला मात्र एवढी घाई नसते. बातमी पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा : हे सांगतो कोण, आणि दुसरी बाजू सांगायला कुणी जिवंत आहे का?