वापरलेला पट्टा आणि विक्रेत्याचे मौन

सोनपेठच्या शेतकऱ्याला जुन्या दोराची पारख शिकवावी लागत नाही. मोटेचा नाडा झिजला की तो विहिरीवरून उतरे आणि वासराच्या दाव्यासाठी वापरला जाई. मोटा गेल्या, पारख उरली. दोर तुटण्यापूर्वी इशारा देतो. पीळ सुटतात, धागे दिसू लागतात. शर्यतीच्या मोटारीतील सुरक्षापट्टा असा इशारा देईलच याची खात्री नाही. म्हणून तो वापरून झाल्यावर विकावा काय, हा प्रश्न केवळ किमतीचा राहत नाही.

कोइमतूर व चेन्नई येथील धावपट्ट्यांवर हौशी चालकही मोटारी पळवितात. खांदे, कंबर व मांड्या यांना पाच-सहा टोकांनी जखडणारा हा पट्टा महाग असतो. निम्म्या किमतीत मिळाला तर मोह होणारच. परंतु धडकेच्या वेळी तो ताणला जातो आणि त्या ताणण्यातच आघाताचा काही भाग जिरतो. एकदा ताणलेला पट्टा पुन्हा तेच काम तितकेच करील, याची शाश्वती नाही. उन्हानेही धागा दुबळा होतो. म्हणून 'एफआयए' ही आंतरराष्ट्रीय संघटना आपल्या मान्यतेच्या पट्ट्यांना सुमारे ५ वर्षांची मुदत देते व ती पट्ट्यावरच नोंदविली जाते.

मुदत संपलेला पट्टा उद्याच तुटेल असे नाही, हे मान्य केले पाहिजे. 'काहीच नसण्यापेक्षा जुना बरा' असेही म्हटले जाते. पण तो बसविण्यासाठी मोटारीतील मूळचा तीनटोकी पट्टा काढून टाकला असेल, तर चालकाने भरवशाचे देऊन संशयाचे घेतले!

कायदा येथे विक्रेत्याला बराच मोकळा सोडतो. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमाखाली घोड्याची उदाहरणे आहेत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही लिलावात गप्प राहणे, ही फसवणूक नव्हे. मात्र घेणारी स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे बापाचे कर्तव्य ठरते. गुराच्या बाजारातील भला माणूस तर परक्यालाही बैलाची खोड सांगूनच दावे हाती देतो. जिवाशी गाठ असलेल्या वस्तूबाबत प्रत्येक ग्राहकाला मुलीच्या जागी मानणे, ही काही अवास्तव अपेक्षा नव्हे.

त्याच कलमातील आणखी एक उदाहरण ग्राहकाने ध्यानी ठेवावे. 'तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष समजतो,' असे घेणाऱ्याने सांगितल्यावर विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. तेव्हा मुदत कोणती, मोटार कधी आदळली होती काय, पट्टा उन्हात किती राहिला, हे लेखी विचारावे. ज्या विक्रेत्याला उत्तर देता येत नसेल, त्याने मुदतीची चिठ्ठी उसवून पट्टा कापावा. वासराच्या दाव्याला ते तुकडे पुष्कळ वर्षे पुरतील.