निवेदन : आतला भाग बदलला, तर मॉडेल क्रमांकही बदलावा

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय : हार्ड डिस्क व एसएसडीचे अंतर्गत भाग ग्राहकाला न कळवता बदलण्यास आळा घालणेबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही खाली सह्या करणारे पुण्यातील छायाचित्रकार, व्हिडिओ संकलक व संगणक दुरुस्ती व्यावसायिक आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

लोकांची लग्ने, मुंजी, बारशी आम्ही डिस्कवर जपतो. आमच्यापैकी एकाने उत्तम चाललेल्या एसएसडीच्याच मॉडेल क्रमांकाची दुसरी घेतली. लग्नाचे चित्रीकरण उतरवताना पहिली काही मिनिटे वेग ठीक होता. मग तो असा कोसळला की एरवी चहा होईतो संपणारे काम रात्रीपर्यंत रेंगाळले. दोन्हींचे आवरण काढून पाहिले, तर मेमरी चिप वेगळ्या निघाल्या. खोक्यावर एका अक्षराचाही फरक नव्हता.

हा प्रकार एकट्यादुकट्याचा नाही. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही हार्ड डिस्क एसएमआर पद्धतीच्या असल्याचे उघड झाले. या पद्धतीत माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. एक कौल बदलायचे तर शेजारची हलवावी लागतात, तसा एक पट्टा बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. या डिस्क नाससाठी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या नेटवर्कवरील साठ्यासाठी, म्हणून विकल्या जात होत्या. तिथे एक डिस्क बिघडली की नवीवर तासन्‌तास सलग लिहून संच उभा करावा लागतो, आणि नेमके तेच काम या पद्धतीला जड जाते. २०२१ साली क्रुशल पी२ एसएसडीत टीएलसीऐवजी तिच्याहून संथ अशी क्यूएलसी मेमरी आली, नाव मात्र तेच राहिले. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या डब्ल्यूडी ब्लू एसएन५५० या एसएसडीमधील मेमरी बदलली आणि कॅश (जलद तात्पुरता साठा) भरल्यानंतरचा लेखनवेग घटला.

पुरवठ्याप्रमाणे भाग बदलावे लागतात, हे आम्ही जाणतो. आमची हरकत लपवण्याला आहे. वेस्टर्न डिजिटलनेच पुढे सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या) डिस्कना ‘रेड प्लस’ हे वेगळे नाव दिले. एसएन५५० प्रकरणानंतर, प्रसिद्ध वैशिष्ट्यांवर परिणाम करणारा बदल केल्यास नवा मॉडेल क्रमांक देण्याचे जाहीर केले. म्हणजे हे करता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(९) नुसार मालाचा दर्जा व मानक जाणून घेणे हा आमचा हक्क आहे.

आमच्या मागण्या :

१. वेग, टिकाऊपणा किंवा लेखनपद्धतीवर परिणाम करणारा भाग बदलल्यास नवा मॉडेल क्रमांक सक्तीचा करावा.

२. हार्ड डिस्क सीएमआर की एसएमआर, एसएसडीतील मेमरीचा प्रकार आणि कॅश भरल्यानंतरचा लेखनवेग खोक्यावर व ऑनलाइन विक्रीच्या पानावर छापावा.

३. न कळवता बदललेला माल मिळाल्यास ग्राहकाला तो बदलून मिळावा किंवा पूर्ण रक्कम परत मिळावी.

४. कलम १८ अन्वये याबाबत मार्गदर्शक सूचना काढाव्यात. त्याआधी वापरकर्ते व दुरुस्ती करणाऱ्यांचे म्हणणे ऐकावे.

चित्रीकरण हरवले, तर डिस्कची किंमत परत मिळूनही ते लग्न परत मिळत नाही. म्हणून खरेदीच्या वेळीच खरे कळावे, एवढी तरतूद आपण तातडीने करावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
(सह्या)
स्थळ : पुणे