मुक्या श्रमास वाचा हवी

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी भोसरीतील मजुरांच्या वसाहतीत पाण्याची टाकी कोसळली आणि परप्रांतांतून पोटासाठी आलेले पाच मजूर प्राणास मुकले. त्यापूर्वी ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे शोभेच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यास आग लागून अनेक स्त्री-कामगार होरपळून गेल्या. दोन्ही वेळी हळहळ व्यक्त झाली. परंतु टाकी कशी बांधली आहे आणि कारखान्यात काय साठविले आहे, हे तेथे वावरणाऱ्यांहून अधिक कोणास ठाऊक असणार? त्या माणसांचे अस्तित्व नगरास कळले ते मात्र मृत्यूनंतर.

१९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पाहता पाहता पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत यंत्रांची रांग उभी राहिली. ती चालविणारे हात प्रथम सातारा-सांगलीकडून आले. आज ते बिहार, झारखंड, ओडिशा येथून येतात, तसेच लातूर, बीड, नांदेड येथूनही येतात. भाषा निराळी, पण ठेकेदार, दहा बाय दहाची खोली आणि उद्याची अनिश्चितता ही तिघे सर्वांना समान आहेत.

१९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत आलेल्यांपुरताच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने ठरावीक वेतनमर्यादेत स्वतःहून आलेल्या परप्रांतीयासही त्यात घेतले, हे योग्यच झाले. तथापि कायदा आपल्या पायांनी मजुराच्या खोलीपर्यंत चालत जात नाही. तो तेथे नेणारा कार्यकर्ता हवा. आणि तो घडवावा लागतो.

या घडविण्याची दोन अंगे आहेत : हकीकत सांगण्याची कला आणि नेतृत्वाचे शिक्षण. अमेरिकेत सीझर चावेझ यांच्या शेतमजूर चळवळीत वाढलेले मार्शल गँझ हे हार्वर्ड विद्यापीठात माझी गोष्ट, आपली गोष्ट आणि आजची गोष्ट अशा तीन पायऱ्या शिकवीत आले. आम्हांस यात परकेपणा वाटत नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले, तेव्हा एकेकट्याचे गाऱ्हाणे सर्वांचे झाले. १८९० मध्ये साप्ताहिक सुटी मिळाली. स्वतः ओझी वाहिलेले अण्णासाहेब पाटील माथाडींचे पुढारी झाले आणि १९६९ चा माथाडी कायदा आला.

मात्र एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. दुःखाचे प्रदर्शन म्हणजे हकीकत नव्हे. ज्याची कथा त्याची संमती हवी. सभेत नाव उच्चारले गेल्याने दुसऱ्या दिवशी कामावरून काढले गेले, तर त्या वक्तृत्वाचा उपयोग काय? शिवाय कामगार अधिकाऱ्यापुढे अश्रू टिकत नाहीत. तेथे तारीख, हजेरी, मजुरीची रक्कम आणि ठेकेदाराचे नाव लागते. चांगला कार्यकर्ता प्रथम ऐकतो, मग टिपून घेतो आणि शेवटी बोलतो. त्याहूनही चांगला कार्यकर्ता मजुरासच बोलावयास उभे करतो आणि स्वतः दुभाष्या होतो.

१९५३ पासूनचे कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या नाट्यस्पर्धा भरविते. त्याच्या केंद्रांतून पाळी सुटल्यानंतर असे वर्ग चालावेत, महापालिकेने आणि कामगार संघटनांनी त्यांस हात द्यावा, आणि त्यांत भोजपुरी व ओडिया बोलणाऱ्यांबरोबर मराठवाड्यातील तरुणही बसावेत, अशी आमची सूचना आहे. परप्रांतीय मजूर स्वस्तात राबतो म्हणून मराठी तरुणाची मजुरी घसरते, ही तक्रार आमच्याही कानांवर येते. तिचे उत्तर त्यास हाकलण्यात नसून त्याचे स्वस्तपण संपविण्यात आहे. मुका मजूरच स्वस्त असतो. त्यास वाचा फुटली, तर त्याचा लाभ शेजारी उभ्या असलेल्या मराठी मजुरासही झाल्यावाचून राहणार नाही.