नर्सिंगचा हिशेब : फी किती, पगार किती?



गेल्या महिन्यातल्या एका रविवारी विहारात वंदना आटोपली आणि आमच्या वस्तीतले एक काका मला बाजूला घेऊन गेले. काका एका कारखान्यात वॉचमन होते, आता निवृत्त आहेत. काकू चार घरची धुणीभांडी करतात. मुलगी सायन्समधून बारावी पास झाली आहे आणि तिला नर्स व्हायचे आहे. काकांच्या हातात एका खाजगी कॉलेजचे गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक होते. म्हणाले, "भाऊ, बी.एस्सी. नर्सिंगची सीट आहे, पण मॅनेजमेंट कोट्यातली. एजंट म्हणतो, शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरा, नाहीतर सीट जाईल. नाव नोंदवायला पाच हजार दिलेत. बाकीच्यासाठी फंड मोडतो, काकूचे सोने विकतो. पोरीचे कल्याण होईल ना?"

मी म्हटले, "काका, नर्सिंग चांगलेच आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन बसू. मुलीलाही बोलवा, शिकायचे तिला आहे."

आम्ही विहाराच्या पायरीवर बसून जो हिशेब मांडला, तो आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या कितीतरी मुली या वाटेवर उभ्या आहेत.

आधी अभ्यासक्रम समजून घेऊ. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. बी.एस्सी.ला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागते आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. जी.एन.एम. झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. म्हणजे जी.एन.एम. केले म्हणून पदवीचे दार बंद होत नाही.

आता एजंटच्या सीटचा हिशेब. फी वर्षाला १ लाख २० हजार, चार वर्षांचे ४ लाख ८० हजार. हॉस्टेल, मेस, गणवेश, पुस्तके, येणे-जाणे धरून महिना ५ हजार, म्हणजे ४८ महिन्यांचे २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख २० हजार. यातले ३ लाख २० हजार फंड आणि सोन्यातून उभे करायचे आणि ४ लाख बँकेचे शैक्षणिक कर्ज काढायचे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत, हप्ताही शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. ऐकायला गोड वाटते. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही!

समजा व्याज दहा टक्के आहे आणि कर्ज दरवर्षी एकेक लाख उचलले. पहिला हप्ता सुरू होईपर्यंत नुसते व्याजच १ लाख ४० हजार होते. ५ लाख ४० हजार सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला जवळपास ९ हजारांचा हप्ता बसतो. सात वर्षांत बँकेला सुमारे साडेसात लाख जातात. त्यात घरचे ३ लाख २० हजार मिळवा. ७ लाख २० हजारांचे शिक्षण पावणेअकरा लाखांना पडले. माहितीपत्रकात हा आकडा कुठेच नव्हता.

मग पगार किती? राज्य सरकारच्या रुग्णालयात अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. एम्ससारख्या केंद्राच्या संस्थेत ते ४४,९०० पासून आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेचे, म्हणजे ए.एन.एम.चे, २५,५०० पासून. हा पगार मिळाला तर ९ हजारांचा हप्ता जड नाही. पण सरकारी भरती दरवर्षी निघेलच असे नाही, आणि जागा थोड्या, अर्ज फार.

तोवर खाजगीत काम करावे लागते. आमच्या भागातल्या नव्या नर्स मुलींना मी विचारले, तर कुणी १२ हजार सांगितले, कुणी १५. पंधरातून नऊ हप्त्याला गेले तर हातात उरतात सहा. तेवढ्यात खोलीचे भाडे द्यायचे की घरी पाठवायचे? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला निदान २० हजार द्यावेत आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा. शिफारस कागदावर आहे, मुलींच्या हातात पडत नाही. यासाठी संघटनांनी आवाज उठवायला हवा, पण घरचा हिशेब करताना आज हातात पडणारा पगारच धरावा.

आता दुसरी बाजू. सिव्हिल हॉस्पिटलला जोडलेल्या सरकारी नर्सिंग स्कूलमध्ये जी.एन.एम. केले तर फी खाजगीच्या मानाने फारच थोडी. घरातून महिना ३ हजार गेले असे धरले, तर तीन वर्षांत १ लाख ८ हजार. मुलगी एक वर्ष आधी कमावती होते आणि डोक्यावर कर्ज नाही. राज्याच्या अधिपरिचारिका पदाला जी.एन.एम. आणि बी.एस्सी. दोघीही पात्र असतात, मूळ वेतनही एकच. एम्सच्या परीक्षेला मात्र जी.एन.एम. मुलीला दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि शिकवण्याच्या नोकरीला पदवी हवीच. म्हणून सीईटीच्या गुणांवर, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून बी.एस्सी. मिळत असेल तर जरूर घ्यावी. माझा विरोध पदवीला नाही, पावणेअकरा लाखांना आहे.

यात आपल्या हक्काची गोष्ट आहे ती शिष्यवृत्ती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आज अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून ती मिळते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पण मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती गेली! एजंटने काकांना हे सांगितलेच नव्हते. उत्पन्नाचा दाखला आणि जात पडताळणी यांची धावपळ निकाल लागल्यावर नको, अकरावीपासूनच करा.

आता एक घरची गोष्ट. आमचे वडील सफाई खात्यात होते. मी कॉलेजात जाणार म्हणून घरातला पैसा माझ्या फीसाठी राखून ठेवला आणि ताईला स्वस्तातला सहा महिन्यांचा एक 'नर्सिंग कोर्स' लावून दिला. झकपक प्रमाणपत्र मिळाले. पुढे कळले की त्या कागदावर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही. आज वीस वर्षांहून अधिक काळ ताई नर्सिंग होममध्ये राबते आहे. पेशंट तिला 'सिस्टर' म्हणतात. पगारपत्रकावर 'आया' लिहिलेले असते. मी बी.कॉम. झालो, क्लार्क झालो. त्या वेळी आमच्या घरात कुणी हिशेबाला बसले असते, तर आधी मुलाचे मग मुलीचे, असा तो झाला नसता. मी हे लिहितो ते त्या कर्जाची थोडी फेड म्हणून.

म्हणून पैसे भरण्याआधी पाच गोष्टी विचारा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का? कॉलेजचे स्वतःचे किमान शंभर खाटांचे रुग्णालय आहे का? चारही वर्षांची एकूण फी लेखी देतात का? सीट केंद्रीय प्रक्रियेतली आहे का? आणि मागच्या वर्षी पास झालेल्या मुली आज कुठे आणि किती पगारावर आहेत? पाचव्याचे उत्तर कॉलेजला विचारू नका, त्या मुलींनाच गाठा. आणि मूळ प्रमाणपत्रे कुणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका.

काकूंची शंका वेगळी होती. "रात्रपाळी करायची, परक्यांची घाण काढायची, लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "काकू, १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करताच गेल्या. आपल्या पोरीला कोण काय म्हणणार?" काकू काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "रात्री सोडायला गाडी असते का, तेवढे विचारून ठेवा."

मुलगी सगळा वेळ वहीत आकडे उतरवत होती. शेवटी तिने वही वडिलांपुढे धरली. "बाबा, आईचे सोने राहू द्या. मी दोन्हीकडे अर्ज भरते. जिथे गुणांवर मिळेल तिथे जाते." एजंटने पाच हजार परत दिले नाहीत. मुलीला सिव्हिलच्या स्कूलमध्ये जी.एन.एम. मिळाले आहे, शिष्यवृत्तीचा अर्जही गेला आहे. पाच हजारांत काकांचे दहा लाख वाचले, असे मी त्यांना सांगितले तेव्हा ते आठ दिवसांत पहिल्यांदा हसले.

तुमच्या घरी असा प्रश्न असेल तर वही घ्या, मुलीला शेजारी बसवा आणि मगच सही करा.

जयभीम.