इंजिनाला चौथरा नको, शेड द्या

स्टेशनसमोर चौथरा बांधायचा, त्यावर जुनं इंजिन चढवायचं, चकचकीत रंग मारायचा, रात्री लाइट सोडायचे. याला आपल्याकडे वारसा जतन म्हणतात. मला हे मान्य नाही. चौथऱ्यावरचं इंजिन फक्त भंगारात गेलेलं नसतं, एवढंच. वरून रंगाचे थर चढत जातात आणि आत पावसाचं पाणी, गंजलेल्या नळ्या, जाम झालेले बेअरिंग.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण आमची पीजे. पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटर, अडीच फुटी नॅरोगेज. शेंदुर्णी, पहूर करत कापसाच्या मुलखातून जाणारी ही गाडी मार्च २०२०च्या लॉकडाउनमध्ये थांबली, ती पुन्हा सुटली नाही. मार्ग ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत न्यायचं ठरलंय. त्याला माझा विरोध नाही. जामनेरला मोठी गाडी हवीच. पण मोठ्या रुळावर लहान गाडी चालत नाही. मग तिचं नशीब दोनपैकी एक: भंगार, नाहीतर चौथरा.

इन्स्टावर पीजेचे रील बघा. खिडकीतून दिसणारी शेतं, मागे दुःखी गाणं, खाली ‘आठवणी’. गाडीला आठवणींचा काही उपयोग नाही. तिला ग्रीस लागतं.

जतन म्हणजे गाडी हलती ठेवणं. ॲक्सल बॉक्स उघडून साफ करायचे, व्हॅक्यूम ब्रेकचे फाटके होजपाइप बदलायचे, डब्याच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवायच्या, प्रत्येक काम वहीत लिहायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे आहे, आपल्या पीजेपेक्षाही अरुंद. पाटीचा दगड वाहायला बांधलेली. मालक वारल्यावर ती बंद पडणार होती. १९५१ साली साध्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन ती चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली ती पहिली रेल्वे. १८६०च्या दशकातली तिची दोन इंजिनं दुरुस्त करत करत आजही चालवतात.

‘ते वेल्स आहे, हे जळगाव आहे,’ असं कोणी म्हणेल. जळगाव जिल्ह्यात भुसावळ आहे, हे विसरू नका. लोको शेड, वर्कशॉप, रेल्वेचं प्रशिक्षण केंद्र आणि गल्लोगल्ली रिटायर झालेले फिटर, ड्रायव्हर, खलाशी. मेन लाइनवर आता एअर ब्रेक आहेत. व्हॅक्यूम ब्रेक कुठे गळतोय हे आवाजावरून सांगणारी माणसं सत्तरीत पोचलीत. त्यांच्या हातातलं ज्ञान कुठल्याही पुस्तकात पूर्ण उतरलेलं नाही. आयटीआयच्या पोरांनी ते आज शिकलं नाही, तर दहा वर्षांनी शिकवायला कोणी नसेल.

दोन आक्षेप खरे आहेत. पहिला, सुरक्षितता. रेल्वेच्या आवारात कोणीही येऊन पाना फिरवावा असं मी म्हणत नाही. प्रशिक्षण द्या, परीक्षा घ्या, विमा काढा, वर जबाबदार इंजिनिअर ठेवा. दुसरा जास्त टोचणारा आहे: नोकरी नसलेल्या पोरांना फुकट राबवायचं? नाही. शेडमध्ये पगारी माणसं हवीतच आणि शिकवणाऱ्या म्हाताऱ्यांना मानधनही हवं. स्वयंसेवक त्यांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला.

आणि लोकांनी पुढे होऊन जपणं खानदेशाला नवीन नाही. धुळ्यात नानासाहेब देव या वकिलानं रामदासी मठांतली हस्तलिखितं गोळा केली, त्यातून समर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं. इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांची कागदपत्रं जपायला तिथल्या लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ काढलं. सरकारची वाट बघितली नाही. मग कागदासाठी जे झालं ते लोखंडासाठी का होत नाही? कारण कागद विद्वानांचा आणि लोखंड कामगारांचं. लिहिणाऱ्याची वही आपण कपाटात ठेवतो, फिटरचा पाना किलोवर विकतो. खलाशाच्या कामालाही इतिहास असतो हे आपल्याला अजून पटलेलं नाही. चौथऱ्यावरचं इंजिन तेच सांगतं: यंत्र दाखवा, ते चालवणारे हात लपवा.

म्हणून मागणी साधी आहे. पाचोऱ्याला एक शेड, दोन-तीन किलोमीटर नॅरोगेज रूळ, एक इंजिन, चार डबे. आणि स्थानिक लोकांना आत येऊन काम करायची लेखी परवानगी. पुतळ्यासारखं इंजिन आम्हाला नको. रविवारी हात काळे करायला जागा द्या.