जुने रंधा मशीन

ताथवड्याचा माझा भाचा परवा सकाळीच दारात हजर. "मामा, चला, मशीन बघायला यायचंय."

हा पोरगा आयटीआयचा पॅटर्न मेकर. भोसरीच्या फाउंड्र्यांना लाकडी पॅटर्न करून देतो. वाळूत पॅटर्नचा साचा उठवायचा आणि त्यात वितळलेले लोखंड ओतायचे. बीड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. फळी वाकडी निघाली की पुढचा सगळा माल परत येतो. हाताने रंधा मारून पोराचे खांदे गेले होते. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातले ६० हजार त्याने मशीनसाठी मागून घेतले.

पूर्वी जुने मशीन हवे असले की लोक कुदळवाडीला जात. तिथली भंगाराची गोदामे महापालिकेने २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली. हे मशीन एका बंद पडलेल्या शेडमध्ये होते. मालक म्हणाला, "वाडकिन आहे." पाटी मात्र नव्हती. इंग्लंडातल्या लेस्टरची वाडकिन ही १८९७ सालची नावाजलेली कंपनी; त्यामुळे पाटी नसलेले प्रत्येक जुने मशीन विकताना वाडकिनच होते!

भाच्याने टेबलावर सरळ पट्टी धरून खालून बॅटरी मारली. उजेड फारसा झिरपला नाही. मी हातोडीने बीड ठोकून पाहिले. आवाज खणखणीत, म्हणजे तडा नाही. मशीन चालवून बंद केले आणि थांबेपर्यंत कान लावला. बेअरिंग बरी होती. नटबोल्ट व्हिटवर्थ आट्याचे, म्हणजे पाने वेगळे लागणार.

मग पात्यांचा दांडा पाहिला. तो चौकोनी! चौकोनी दांडा फिरताना टेबलाच्या फटीत पोकळी राहते. हात घसरला की बोटे आत खोल ओढली जातात. गोल दांड्याने ती पोकळी भरलेली असते. जखम होते, पण बोटे सहसा वाचतात. इंग्लंडात हाताने लाकूड सरकवण्याच्या रंधा मशीनवर गोल दांडाच हवा, असा नियम १९२२ सालीच झाला. स्टार्टरही नव्हता, नुसता खटका. वीज जाऊन आली की मशीन आपोआप सुरू!

मालक म्हणाला, "वीस वर्षं असंच चाललंय." मी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिले. दोन बोटे अर्धी होती. पुढे कुणीच काही बोलले नाही.

भाव ५८ हजारांचा ४१ हजारांवर आला. उरलेल्या पैशांत गोल दांडा बॅलन्स करून बसवला, आणि वीज गेल्यावर आपण होऊन सुटणारा स्टार्टर लावला. पात्यावर झाकण आले. तेवढ्यात पैसे संपले. भुसा ओढणारा पंखा राहिला, आणि हे मला पटलेले नाही. लाकडाच्या धुळीने नाकाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ साली जाहीर केले आहे. तूर्त तो नाकाला मास्क लावतो आणि सूनबाई त्याला कपडे झटकल्याशिवाय बाळाला घेऊ देत नाही.

दर रविवारी पात्यांना धार. पाती वजनाला सारखी नसली की मशीन थरथरते, म्हणून तो ती काट्यावर तोलतो. हातमोजे घालत नाही. मोजा अडकला तर हात आत जातो.

ताई अजून शेडमध्ये जात नाही. दुपारी दारातूनच हाक मारते. भाच्याने मशीन बंद करून दोन्ही हात वर दाखवले, की मगच डबा ठेवते.